तिसऱ्या ट्रायलनंतर
आज तिसरा योगाचा क्लास ट्राय करून आले आणि पहिल्यांदाच मनापासून बरं वाटतंय. आधीचे दोन सोडले, कारण मला स्लिप डिस्कचा जुना त्रास आहे आणि तिथे कोणी काही विचारलंच नाही, थेट पश्चिमोत्तानासन (पाय पसरून बसून पुढे वाकायचं), वर पाठीवर हात ठेवून खाली दाबलं, दोन दिवस नीट बसता येत नव्हतं. असं दाबणं चूकच आहे, मला अजून राग येतो त्याचा.

आजच्या मॅडमनी आधी नुसतं विचारलं, बीपी आहे का, काचबिंदू आहे का, कुठलं ऑपरेशन झालंय का (बीपी जास्त असेल किंवा काचबिंदू असेल तर शीर्षासन करू नये हे मला माहीतच नव्हतं!) आणि मग म्हणाल्या, अष्टांग विन्यासात आसनांचा क्रम ठरलेला असतो, दमही लागतो, तुम्ही सध्या अय्यंगार पद्धतीने करा, बेल्ट, ठोकळे, खुर्ची घेऊन, सावकाश. आणि बघा, अय्यंगार आणि अष्टांग विन्यासवाले पट्टाभि जोइस दोघंही योगगुरू कृष्णमाचार्यांचेच शिष्य, तरी पद्धती किती वेगळ्या!

सर्टिफिकेटचंही विचारलं मी. योगशिक्षकाचा २०० तासांचा कोर्स तर महिन्याभरातही होतो, म्हणून किती वर्षं शिकवताय, कमरेचा त्रास असलेले कोणी येतात का, हेही विचारलं, त्यांनी न चिडता सगळं सांगितलं. डॉक्टरांना एकदा दाखवून या म्हणाल्या.

उद्या डॉक्टरांकडे जातेय. त्यांनी हो म्हटलं की सोमवारपासून सुरू.