तीन राजे

गणपतीला गावी जाताना आमच्याकडे सामानाची वाटणी ठरलेली असते. थोरल्या जाऊबाई मखराचं सामान आणतात, धाकटे दीर नको नको म्हटलं तरी फटाके आणतात, आणि मी खेळ आणते. हे खातं माझ्याकडे कसं आलं, आठवत नाही. सासर सिंधुदुर्गातलं, मी साताऱ्याची. भजनात माझा आवाज लागत नाही, मोदकाच्या कळ्या मला पाडता येत नाहीत. तेव्हा उरलेलं हेच असावं.

ऐकायला काम सोपं आहे. पाच दिवस, एक घर, बावीस माणसं, धो धो पाऊस, आणि पडवीच्या एका ठरावीक कोपऱ्यात उभं राहिलं तरच मिळणारी मोबाइलची रेंज. खेळाशिवाय दुसरं करायचं तरी काय? पण या बावीसांत सहा जण सोळा ते वीस वयाचे आहेत, आणि गोम तिथेच आहे. लहान मुलांना काहीही चालतं. मोठे आधी ‘आम्हाला नको बाबा’ म्हणतात आणि एकदा बसले की जेवायलाही उठत नाहीत. हे सहा जण मात्र सांगितलं म्हणून येऊन बसतात, आणि बसल्या बसल्या कुणीतरी विचारतं, ‘मग, बारावीला किती टक्के?’ त्यातून सुटलं तर ‘पुढे काय ठरवलंयस?’ मिनिटभरात सहाही जण रेंजच्या कोपऱ्यात. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? टक्के विचारणाऱ्या काकांना त्यांचे टक्के कुणी विचारू शकत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने एक परदेशी खेळ नेला. जाडजूड खोकं, आत नकाशा, लाकडी ठोकळे, चार तऱ्हेच्या पत्त्यांच्या चळती आणि चोवीस पानांची नियमपुस्तिका. ती मी मोठ्याने वाचायला घेतली. नवव्या पानावर भाऊकाका घोरायला लागले. चौदाव्या पानावर मुलं ‘व्हिडिओ बघून शिकतो’ म्हणून कोपऱ्याकडे गेली ती गेलीच. ते खोकं अजून माळ्यावर आहे. ठोकळे मात्र कामी आले, डुगडुगणाऱ्या पाटांखाली टेकू म्हणून.

तेव्हापासून एक ठरवलं, ज्याचे नियम वाचावे लागतात तो खेळ न्यायचा नाही. पत्त्यांचे नियम कुठे कुणी वाचलेत? ते भांडून ठरतात. त्यातही प्रत्येक सून माहेरून स्वतःचे नियम घेऊन येते. पाच-तीन-दोनला तिघांत दहा-दहा पानं हवीत, म्हणून अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची अठ्ठावीस पानं आणि वर दोन सत्त्या. त्या दोन सत्त्या बदाम आणि इस्पिकच्या, हे मला पाण्याइतकं स्वच्छ माहीत होतं. थोरल्या जाऊबाईंच्या माहेरी चौकटची सत्ती! लग्नानंतरचा आमचा पहिला मतभेद तो, आणि तो मिटलेला नाही. गड्डा झब्बूबद्दल तर बोलायलाच नको.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. मुलं खेळतात तो उनो अमेरिकेतल्या ओहायोमधल्या मर्ल रॉबिन्स नावाच्या एका न्हाव्याने 1971 मध्ये काढला, आणि तोही म्हणे पत्त्यांच्या नियमांवरून मुलाशी वाद झाल्यावर. म्हणजे वाद मिटवायला खेळ काढला, आणि आता त्याच्यावरून घरोघरी वाद. प्लस-फोरवर प्लस-फोर टाकता येतं की नाही, यावर आमच्या पडवीत एक रात्र गेली. टाकता येत नाही असं कंपनीनेच 2019 मध्ये जाहीर केलंय, हे मी रेंजच्या कोपऱ्यात जाऊन शोधून आणलं. त्यावर पुतण्या म्हणाला, ‘काकू, कंपनीला काय कळतंय?’ मला तो त्या क्षणी फार आपला वाटला.

तंबोला मी नेते, पण मनापासून नाही. तिकिटावर सत्तावीस घरं, पंधरा आकडे, आणि खेळणाऱ्याला ठरवण्यासारखं काहीही नाही. हा खेळ नव्हे, हजेरीपट आहे. चाळीस माणसं जमली आणि जेवणाला अवकाश असला की ठीक.

भेंड्यांनी काही वर्षं तारून नेलं. पुढे मुलांची गाणी मोठ्यांना गाणी वाटेनात आणि मोठ्यांची मुलांना ठाऊक नसत. मग एका वर्षी दमशेराजमध्ये सिनेमांऐवजी म्हणी दिल्या. मुलं लाजून आधी भिंतीला चिकटली. बासष्ट वर्षांच्या आत्यांनी मात्र ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ असं काही करून दाखवलं की कोहळा त्या नक्की कुठून काढतायत या काळजीने आम्ही माना खाली घातल्या. मुलांना म्हण माहीतच नव्हती. पण त्या रात्री झोपायला जाईपर्यंत कुणीही दिसलं की तीच खूण चालली होती.

एकदा सावंतवाडीहून हौसेने गंजिफाचा संच आणला. गोल, लाखेने चकाकणारी पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा, अशी एकशेवीस. पाच रंगांत आकडे चढत्या किमतीचे, उरलेल्या पाचांत उतरत्या. दिवसा रामाची उतारी, रात्री कृष्णाची. आम्ही बसलो संध्याकाळी पावणेसातला, आभाळ भरलेलं. दिवस मावळला की नाही, यावर घरात सरळ दोन पक्ष पडले. कुणीतरी भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ बघितली, तोवर आरतीची वेळ झाली. संच आता दर्शनी कपाटात आहे. छान दिसतो.

घरचा राजा खेळ मेंढीकोट. पण त्यात खेळणारे चार आणि सल्लागार अठरा. आजोबा-नात अशी जोडी लावली की बहार येते हे खरं. आबांनी खाकरलं की इस्पिक, चष्मा वर केला की हुकूम, हे नातीला एका डावात कळतं. पण हुकूम कापला, हातची दश्शी गेली, की आबांमधला मास्तर जागा होतो. पस्तीस वर्षं शाळेत काढलेली. ‘आधी काय पडलंला ता लक्षात नको ठेवूक?’ झालं. खेळ संपला, तास सुरू. नात मोबाइल घेऊन उठली की समजायचं, पुन्हा टक्क्यांपाशी आलो.

मग दोन वर्षांपूर्वी मुलांनीच ‘माफिया’ आणला. हा खेळ 1986 मध्ये मॉस्कोतल्या दिमित्री डेव्हिडॉफ नावाच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने काढला. सामान काहीच नको, फक्त थापा. मला तर तो आमच्याच वाडीत जन्मला असावासं वाटलं. कोण माफिया, कोण साधा गावकरी हे गुपित, रात्री सगळ्यांनी डोळे मिटायचे, माफियाने एकाला उडवायचं, आणि उजाडलं की कोणी केलं यावर गावाने तावातावाने चर्चा करून एकाला बाहेर काढायचं. हे आम्ही खेळ नसतानाही करतो. त्या रात्री सासूबाई माफिया होत्या. माईंनी तिघांना उडवलं, चौथ्याबद्दल हळहळ व्यक्त केली, आणि त्यांच्यावर संशय घ्यायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी उघड झालं तेव्हा धाकट्या दिरांची सतरा वर्षांची मुलगी माईंकडे असं बघत राहिली, जणू ही बाई तिला कुणी आधी दाखवलीच नव्हती.

म्हणून गेल्या वर्षी मी सगळी पिशवी घरीच ठेवली. एक पत्त्यांचा कॅट घेतला, आणि ‘चॅलेंज’ लावला.

तुम्हाला येत असेलच. पानं उपडी टाकायची आणि तोंडाने काहीही सांगायचं. ‘दोन गुलाम.’ पुढच्यानेही गुलामच म्हणत पानं टाकायची, नाहीतर पास. संशय आला तर ‘चॅलेंज’ म्हणून पानं उलटायची. थाप निघाली तर थापाड्याने ढीग उचलायचा, खरं निघालं तर विचारणाऱ्याने. इथे अनुभव, स्मरणशक्ती, हुकूम काही नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, बस्स.

आम्ही सात जण बसलो. चिंचोके लावून, कारण आबा बिनबोलीचं खेळत नाहीत. चार फेऱ्या झाल्या. आबांनी मिशीवरून बोट फिरवत तीन पानं सरकवली, ‘तीन राजे.’

मी पुतणीच्या शेजारी होते. तिच्या हातात बदामचा राजा होता आणि चौकटचाही. दोनातून तीन जात नाहीत, हे तिलाही कळत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं. या घरात कुणी आबांना खोटं बोलताय म्हटल्याचं मी वीस वर्षांत ऐकलेलं नाही. खोटं बोलणाऱ्याला अंगठे धरून उभं करणारा माणूस तो.

‘आबा,’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘चॅलेंज.’

भाऊकाकांनी चहाचा कप खाली ठेवला. आबांनी तिच्याकडे रोखून बघितलं. ‘म्हणजे मी खोटां बोलतंय?’

‘हो, आबा.’

सत्ती, दुर्री, नव्वी. पडवीत असा काही कल्ला झाला की माजघरातून माई समई सांभाळत धावत आल्या. आबांनी ढीग उचलला, नीट लावला, आणि तासाभराने अगदी तशीच मिशी चाचपत एक पान टाकलं. ‘एक राजा.’ पुतणी आता चेकाळली होती. चॅलेंज! किल्वरचा राजा निघाला. ढिगात एकोणीस पानं होती.

‘घे. सगळी घे, चेडवा.’

पहाटे दीडला डाव मोडला. त्या पाच दिवसांत आबांनी तिला टक्के विचारले नाहीत. किंवा विचारले असतील. सकाळी पायरीवर दोघं बसलेली मी पाहिली, पण तेव्हा ती त्यांना कुठल्याशा विषयावर तावातावाने ‘छे, तसं नसतं ते’ म्हणत होती, म्हणून मी चहा ठेवून परत फिरले.

विसर्जनानंतर आवराआवर करताना कॅट मोजला. एक्कावन्न. चटया झटकल्या, कपाटाखाली केरसुणी फिरवली. इस्पिकचा राजा नाहीच. पंधरा दिवसांनी माईंचा फोन आला, राजा सापडला, आबांच्या पंचांगात. मी म्हटलं, आबांना सांगा, पुढच्या वर्षी नवा कॅट आणते.

मागून आबांचा आवाज आला, ‘कित्याक? एक्कावन्नात चलता.’