बुडापेस्ट: पार्लमेंट बघायचं तर नदी ओलांडा

डॅन्यूबच्या पश्चिमेला टेकड्यांवरचं बुडा, पूर्वेला सपाट पेस्ट. ओबुडा धरून तिन्ही गावं १८७३ मध्ये एक झाली, पण फिरताना काठ दोनच धरायचे. पार्लमेंट पेस्टच्या काठावर आहे, म्हणून ते दिसतं बुडातून. बुडाचा किल्ला दिसतो पेस्टमधून. एक दिवस एका काठाला, दुसरा दुसऱ्या काठाला आणि संध्याकाळी नेहमी पलीकडे, असा बेत आखला की धावपळ निम्मी होते.

विमानतळावरून १००ई ही बस थेट देआक फेरेंत्स तेर या मध्यवर्ती चौकात सोडते. तिला वेगळं तिकीट लागतं, साधं एकेरी तिकीट चालत नाही. पैसे वाचवायचे तर २००ई बसने क्योबान्या-किशपेश्तला जाऊन एम३ मेट्रो धरा. मोठ्या बॅगा असतील तर मात्र त्या बदलाबदलीत पडू नका.

शहरातल्या मेट्रोला फाटकं नाहीत. त्यामुळेच माणूस फसतो: तिकीट खिशात असतं, अडवायला कोणी नसतं, आपण सरळ खाली उतरतो आणि सरकत्या जिन्याच्या टोकाला तपासनीस उभा. कागदी तिकीट जिन्याआधीच्या यंत्रात छापून घ्यायचं. ट्राम आणि बसमध्ये ते यंत्र डब्यातच असतं. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड जागेवर. साध्या एकेरी तिकिटावर मेट्रोतून मेट्रोत जाता येतं, मेट्रोतून ट्राममध्ये नाही. जांभळ्या यंत्रांतून २४ किंवा ७२ तासांचा पास काढलेला बरा. ज्येष्ठांना मोफत प्रवास अशी पाटी वाचून आईबाबांना पासाशिवाय नेऊ नका. पासष्टीपुढची ती सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे.

एम१ ही १८९६ ची पिवळी मेट्रो, युरोप खंडाच्या मुख्य भूमीवरची पहिली. रस्त्याखाली ती इतकी उथळ आहे की बहुतेक स्थानकांत दोन दिशांचे जिने रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत आणि खालून फलाट बदलता येत नाही. उतरण्याआधी पाटी वाचा: सेचेन्यी स्नानगृहाकडे जायचं तर ‘मेक्सिकोई ऊत’ लिहिलेला जिना.

नदीवरच्या सहलीच्या बोटी महाग वाटत असतील तर २ नंबरची ट्राम घ्या. मार्गरेट पुलाजवळच्या यासाई मारी तेरपासून ती पेस्टच्या काठाने दक्षिणेला जाते. उजवीकडच्या खिडकीशी बसा: आधी पार्लमेंटचा परिसर, मग साखळी पूल, त्यापलीकडे टेकडीवर किल्ला, गेलेर्त टेकडी आणि शेवटी, मात्र डाव्या हाताला, फ्योवाम तेरचा मोठा बाजार. दिवे लागताना एक फेरी मारून हाच रस्ता उलटा करा. नदीला मोठा पूर आला की काठालगतचा हा मार्ग बंद होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तसं झालं होतं.

पार्लमेंटची इमारत १९०४ मध्ये पुरी झाली, इम्रे श्टाइंडल तिचा वास्तुकार. घुमट ९६ मीटर, कारण मॅग्यार, म्हणजे हंगेरियन, लोक इथे आले ते ८९६ साली, असं धरतात. सेंट स्टीफन बॅसिलिकाचीही उंची तेवढीच. आत फक्त मार्गदर्शकासोबत, साधारण पाऊण तास. तिकीट अधिकृत संकेतस्थळावर आधीच घ्या, कारण खिडकीवर इंग्रजी फेऱ्या लवकर संपतात. भारतीय पासपोर्टला दर सुमारे दुप्पट पडतो. हंगेरीच्या राजांचा मुकुट ठेवलेल्या दालनात फोटो काढू देत नाहीत. बाहेरून बघायला एम२ ने नदीखालून एकच स्थानक पलीकडे, बत्यानी तेरला जा. माझ्या मते शहरातलं सर्वांत चांगलं दृश्य हेच, आणि फुकट.

पार्लमेंटच्या थोडं दक्षिणेला काठावर लोखंडी बुटांचे ६० जोड आहेत. १९४४-४५ मध्ये हंगेरियन फॅसिस्टांनी ज्यूंना इथे बूट काढायला लावून गोळ्या घातल्या. या बुटांत पाय घालून सेल्फी काढणारे दिसतात. आपण त्यांत नसावं.

किल्ल्यावर चढायला केबलने ओढली जाणारी १८७० ची शिक्लो गाडी आहे, पण रांग लांब, भाडं चढं आणि शहराचा पास तिथे चालत नाही. देआक फेरेंत्स तेरवरून १६ नंबरची बस साखळी पुलावरून थेट वर जाते. फिशरमन्स बॅस्टियन या बुरुजाच्या खालच्या गच्च्या फुकट आहेत, वरच्या मजल्याला दिवसा तिकीट. सकाळी आठच्या आत पोचलात तर गर्दीही नाही. शेजारचं मत्याश चर्च तुर्कांच्या काळात, १५४१ पासून १६८६ पर्यंत, मशीद होतं. बुडा तुर्कांच्या हातून गेलं त्याच १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं, म्हणजे आपल्या इतिहासाचं कालमान लगेच जुळतं. वरचे रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत. टाचांच्या चपला हॉटेलातच ठेवा.

गरम झऱ्यांच्या स्नानगृहांपैकी गेलेर्त १ ऑक्टोबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे. जुन्या याद्यांत अजून ते पहिल्या क्रमांकावर असतं. सेचेन्यी (१९१३) मोठं, उघड्यावरचं आणि गर्दीचं; रुदाश सोळाव्या शतकातलं, तुर्की घुमटाखाली अष्टकोनी कुंड. रुदाशच्या तुर्की भागात पुरुषांचे आणि स्त्रियांचे वार वेगळे असतात, जोडप्याने जायचं तर शनिवार-रविवार बघा. टॉवेल, रबरी चपला आणि पोहण्याच्या तलावासाठी टोपी घरून न्या; तिथे महाग पडतं. लहान मुलं असतील तर वयाचा नियम आधी तपासा.

शाकाहाऱ्यांनी लांगोश खावा: तळलेली मोठी पोळी, वर लसूण, आंबट साय, चीज. तळण कधी डुकराच्या चरबीत असतं, विचारून घ्या. सूप भाज्यांचं असलं तरी रस्सा बहुधा हाडांचा. बीन्सच्या सुपात हमखास मांस. ‘हूश नेलक्युल’ म्हणजे मांसाशिवाय. फ्योवाम तेरच्या बाजारात पाप्रिका, म्हणजे लाल मिरचीची पूड, घेताना ‘एदेश’ गोडसर, ‘चीपोश’ तिखट. हा बाजार रविवारी बंद, शनिवारी दुपारीच आटोपतो. बिलात सेवाशुल्क बहुधा आधीच लावलेलं असतं, तसं असेल तर वर टीप नको.

चलन फोरिंट. एटीएम बँकेच्या इमारतीतलंच वापरा, आणि पडद्यावर ‘रुपयांत रूपांतर’ विचारलं की नको म्हणा, कारण तो दर यंत्रवाल्याचा असतो. २० ऑगस्टला राष्ट्रीय सणाची आतषबाजी नदीवर होते. त्या दिवशी काठ आणि पूल वाहनांना बंद असतात, म्हणून मुक्काम मेट्रोच्या स्थानकापासून चालत जाण्याइतका जवळ ठेवा.