फोटोतला क्लचर

आज पार्सल आलं. फोटोत तळहाताएवढा दिसणारा क्लचर निघाला लिंबाएवढा! परभणीच्या उन्हाळ्यात मानेवर केस नको वाटतात म्हणून मागवला, तर अर्धा अंबाडाही त्यात मावेना. दुसऱ्यांदा लावताना कट्‌कन आवाज आला आणि स्प्रिंग थेट पलंगाखाली. सासूबाई म्हणाल्या, "बाजारात हाताने दाबून बघून घेतला असतास की गं माय."

चूक माझीच. खाली बारीक अक्षरात ४ सेंटिमीटर लिहिलेलं होतं, मी नुसता रंग बघत बसले.

मग पट्टी घेऊन जुना क्लचर मोजला. साडेदहा सेंटिमीटर! दात आत वळलेले, एकमेकांत गुंतणारे, म्हणूनच माझे दाट केस धरतो बिचारा. आता लांबी बघितल्याशिवाय मागवायचा नाही. चकचकीतपेक्षा मॅट बरा, केस कमी सटकतात. ॲसिटेटचा (हाही प्लास्टिकचाच एक प्रकार) साध्या प्लास्टिकइतका ठिसूळ नसतो, पण महाग पडतो. आणि मॉडेलचे नाही, घेतलेल्या बायकांनी टाकलेले फोटो बघायचे. त्यात खरा आकार कळतो.

परत पाठवायचा म्हटलं तर स्प्रिंग अजून सापडली नाही. उरलेले दोन तुकडे लेकीने बाहुलीच्या भातुकलीत नेलेत.