अडतीस राउटर, एक इमेज आणि दोन रात्री

आमच्या जाळ्यातील ३८ सिस्को राउटरांची सॉफ्टवेअर इमेज (राउटर ज्यावर चालतो ती सॉफ्टवेअरची फाइल) बदलण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा सगळे राउटर एका जागेवरून पाहणारे आणि हाताळणारे नेटवर्क मॅनेजमेंट ॲप्लिकेशन बसवून बराच काळ लोटला होता. पण आम्ही त्याचा उपयोग लाल-हिरवे दिवे पाहण्यापलीकडे केला नव्हता. यापूर्वीची अपग्रेड मी एकेका राउटरवर लॉगिन करून, फाइल चढवून, बूटची ओळ (सुरू होताना कोणती इमेज घ्यायची ते सांगणारी) बदलून आणि रीलोड (राउटर पुन्हा सुरू करण्याची आज्ञा) देऊन केली होती, आणि त्या पद्धतीने एका रात्रीत चार-पाच राउटर जेमतेम उरकत. या वेळी जुन्या इमेजमध्ये सुरक्षेची त्रुटी निघाल्यामुळे मुदत थोडी होती, म्हणून ॲप्लिकेशनमधील इमेज व्यवस्थापनाचा भाग वापरायचे ठरले.

पहिले दोन दिवस एकही फाइल हलली नाही, आणि त्याचे मला आता वाईट वाटत नाही. ॲप्लिकेशन दाखवत होते ती फ्लॅशमधील (इमेज साठवणाऱ्या मेमरीतील) मोकळी जागा मागच्या इन्व्हेंटरी संकलनाच्या (राउटरांची माहिती गोळा करण्याच्या) वेळची होती. संकलन नव्याने चालवले तेव्हा सहा राउटरांवर नवी इमेज मावणार नाही असे दिसले. त्यांतील बहुतेकांवर कधीकाळी चढवलेल्या आणि कोणीच न वापरलेल्या इमेजेस पडून होत्या. त्या काढल्यावर प्रश्न मिटला. तीन राउटरांची रॅमच नव्या इमेजच्या किमान गरजेपेक्षा कमी होती, त्यांना यादीतून वगळावे लागले. आणखी चार ठिकाणी ॲप्लिकेशन एसएनएमपीने (देखरेखीच्या प्रोटोकॉलने) माहिती वाचू शकत होते, मात्र इनेबल पासवर्ड (बदल करण्याचा अधिकार देणारा) जुना नोंदलेला असल्यामुळे काही बदलू शकत नव्हते. देखरेखीच्या पडद्यावर हे चारही राउटर इतके दिवस हिरवेच होते.

इमेज ॲप्लिकेशनच्या भांडारात घेताना तिचा एमडी५ चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते दाखवणारा आकडा) निर्मात्याने दिलेल्या आकड्याशी मी स्वतः ताडून पाहिला. त्याच वेळी सध्या चालू असलेली जुनी इमेजही एका राउटरवरून खेचून भांडारात ठेवली, कारण माघार घ्यायची वेळ आली तर ती शोधत बसणे परवडणारे नव्हते.

ॲप्लिकेशन वितरण (फाइल पोहोचवणे) आणि सक्रियीकरण (रीलोड देऊन ती वापरात आणणे) असे दोन टप्पे करते. दोन्ही एकाच जॉबमध्ये लावण्याची सोय होती, पण फाइल फ्लॅशवर पोहोचवण्याने चालू कामात खंड पडत नसल्यामुळे वितरण दिवसा करून फक्त रीलोड रात्रीच्या मेंटेनन्स विंडोसाठी (सेवा थांबवून काम करण्याच्या ठरलेल्या वेळेसाठी) राखून ठेवला. हा निर्णय किती बरोबर होता ते पहिल्याच वितरणात कळले. जॉबमध्ये टीएफटीपी (फाइल पाठवण्याचा एक साधा प्रोटोकॉल) आधीपासूनच निवडलेले होते आणि मी ते तसेच राहू दिले. जवळच्या राउटरांवर फाइल भराभर गेली. दूरच्या एका राउटरवर मात्र टक्केवारीचा आकडा हलेना. मग कागद घेऊन हिशेब मांडला. टीएफटीपी एरवी ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवते आणि त्याची पोच आल्याशिवाय पुढचा पाठवत नाही. ६० एमबीच्या इमेजचे १,२२,८८० तुकडे होतात आणि त्या लिंकवर जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद लागत होते, म्हणजे लिंक कितीही रुंद असली तरी सुमारे ३ तास २५ मिनिटे. (शिवाय तुकड्याचा क्रमांक १६ बिटांत बसवलेला असल्यामुळे ३२ एमबीच्या पुढे तो पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागतो, हे न जमणारा एक जुना सर्व्हर मी पूर्वी पाहिला आहे, तिथे प्रत्येक मोठी फाइल बरोबर त्याच जागी अडत असे.) दूरच्या सगळ्या राउटरांसाठी एससीपी (प्रत्येक तुकड्याच्या पोचेसाठी न थांबणारा प्रोटोकॉल) निवडून जॉब पुन्हा लावला, तेव्हा त्याच राउटरवर तीच फाइल अर्ध्या तासाच्या आत पोहोचली.

सक्रियीकरणाच्या रात्री क्रम मी हाताने लावला: आधी टोकाचे राउटर, मग ज्यांच्यातून इतरांची वाट जाते ते. एकाच ठिकाणची मुख्य आणि पर्यायी जोडी एका तुकडीत येणार नाही, हेही पाहिले. पाच-पाच राउटरांची तुकडी लाल व्हायची आणि सहा-सात मिनिटांनी एकेक करून हिरवी व्हायची. तिसऱ्या तुकडीतील एक राउटर पंधरा मिनिटे उलटूनही परत आला नाही.

तिथल्या सहकाऱ्याला फोन करून उठवले. त्यांनी लॅपटॉप कन्सोल पोर्टला (राउटरशी थेट बोलण्याच्या पोर्टला) जोडला, वेग ९६०० ठेवला आणि पडद्यावर दिसेल ते वाचू लागले. राउटर नवा कोरा असल्यासारखा सुरुवातीचे कॉन्फिगरेशन करायचे आहे का, असे विचारत होता. म्हणजे तो सुरू झाला होता, पण जतन केलेले कॉन्फिगरेशन त्याने वाचलेच नव्हते. मी त्यांना ‘नो’ टाकायला सांगितले आणि ‘शो व्हर्जन’च्या (चालू इमेजची माहिती दाखवणाऱ्या आज्ञेच्या) अगदी शेवटच्या ओळीत काय आहे ते विचारले. कॉन्फिगरेशन रजिस्टर (राउटरने कसे सुरू व्हायचे ते ठरवणारा आकडा) २१०२ असायला हवे होते, होते २१४२, म्हणजे जतन केलेले कॉन्फिगरेशन न वाचता सुरू हो. कधीतरी कोणीतरी विसरलेला पासवर्ड मोडून काढण्यासाठी ते बदलले होते आणि परत फिरवायचे राहून गेले होते. त्यानंतर राउटर एकदाही बंद न पडल्यामुळे ही चूक शांतपणे दबा धरून होती. ॲप्लिकेशनने पूर्वतपासणीत जागा, रॅम आणि फाइल पाहिली, रजिस्टर पाहिले नाही. आम्हीही पाहिले नव्हते.

त्या क्षणी सर्वांत मोठा धोका सवयीचा होता. “सेव्ह करू का?” असे त्यांनी विचारताच मी जवळजवळ ओरडलोच, कारण तेव्हा जतन केले असते तर कोऱ्या कॉन्फिगरेशनने जुने पुसून टाकले असते. स्टार्टअप (जतन केलेले) कॉन्फिगरेशन आधी रनिंगमध्ये (चालू कॉन्फिगरेशनमध्ये) उतरवले. अशा वेळी इंटरफेस (राउटरचे जोडणीचे पोर्ट) बंदच राहतात, म्हणून ते चालू करायला एकेकावर ‘नो शटडाउन’ दिले. मग रजिस्टर २१०२ केले, जतन केले आणि पुन्हा रीलोड दिला. सगळ्याला पन्नास मिनिटे लागली आणि उरलेल्या तुकड्या दुसऱ्या रात्रीवर गेल्या.

सकाळी अहवालात बाकी सर्व जॉब ‘यशस्वी’ होते. तरीही प्रत्येक राउटरला ‘शो व्हर्जन’ विचारले, आणि एक राउटर जुन्याच इमेजवर चालताना सापडला. आधीच्या बूट ओळी तशाच ठेवण्याचा पर्याय मीच निवडला होता. राउटर त्या ओळी वरून खाली वाचतो आणि वरच्या ओळीतली जुनी फाइल त्याच्या फ्लॅशवर अजून होती. जॉबच्या दृष्टीने राउटर रीलोड होऊन परत आला होता, एवढे पुरे होते. ती ओळ काढून त्याला दुसऱ्या रात्रीच्या यादीत घातले.

दुसऱ्या रात्रीपूर्वी ॲप्लिकेशनमधूनच उरलेल्या सर्व राउटरांवर ‘शो व्हर्जन’ चालवून शेवटची ओळ वाचली, तेव्हा २१४२ असलेला आणखी एक निघाला. त्याचे रजिस्टर दिवसाढवळ्या बदलले आणि रात्री तो इतरांसारखाच सहा मिनिटांत परत आला. रॅम कमी असलेले ते तीन राउटर अजून जुन्या इमेजवर आहेत; त्रुटी असलेली सेवा त्यांच्यावर बंद केली आहे आणि वाढीव मेमरी हाती आली की त्यांच्यासाठी तिसरी रात्र ठरेल.