लोखंडी की प्लास्टिकचं?

यवतेश्वरच्या घाटात पहाटे पळायला येणारी भरतीची पोरं मला अडवतात. "मेजर, पिस्तूल कुठलं, जुनं नाइन एमएम भारी की ग्लॉक?" मी "हत्यार नाही, हात बघायचा" म्हणून पुढं निघतो. ते उत्तर नाही, पळवाट आहे. सारखं विचारताय, म्हणून आज नीट सांगतो.

जुनं म्हणजे आपलं, बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेलं वन-ए पिस्तूल. मूळ कल्पना ब्राउनिंग या अमेरिकन हत्यार-कारागिराची. तो 1926 साली बेल्जियममध्ये वारला, पुढं सैव या बेल्जियन कारागिरानं ती तडीस नेली आणि 1935 ला मूळ पिस्तूल आलं. तेरा गोळ्या, अख्खं पोलाद. घोडा, म्हणजे आपटून गोळी उडवणारा मागचा हातोडा, चढलाय की उतरलाय हे अंधारात नुसत्या अंगठ्याला कळायचं. अकरा वर्षं ते माझ्या कमरेला होतं. त्यामुळं ग्लॉक पहिल्यांदा हातात आलं तेव्हा "हे खेळणं" म्हणून मी ते परत टेबलावर ठेवलं. मागं घोडा नाही, बाजूला सेफ्टीचा खटका नाही. पडद्यांच्या दांड्या बनवणाऱ्या माणसाचं पिस्तूल, असंही चार लोकांत बोललो. तिथं मी चुकलो. ऑस्ट्रियाच्या सैन्यानं 1982 मध्ये ते उगाच नाही घेतलं. सतरा गोळ्या, आपल्यापेक्षा पाव किलो तरी हलकं, आणि चौकट प्लास्टिकची, म्हणून पावसाळ्यात तिला गंज धरायची भीतीच नाही. नळी आणि स्लाइड, म्हणजे वरचा मागंपुढं सरकणारा भाग, त्याचीही पोलादीच असते.

मग मी जुन्याला का धरून बसतो? याचं उत्तर द्यायचं तर ती संध्याकाळ सांगावी लागते.

ड्यूटी संपवून पिस्तूल कोतात, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, जमा करायचं होतं. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी लागणार होती, तोंडात तेच. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागचं गोळीचं घर, रिकामं आहे का ते बघायचं. मी आधी स्लाइड ओढली. भरलेल्या मॅगझिनमधली गोळी चेंबरमध्ये गेली. मग मॅगझिन काढलं आणि चाप ओढला. काही झालं नाही. होणारच नव्हतं, कारण मॅगझिन बाहेर असलं की या पिस्तुलाचा चाप मेलेला असतो. घोडा उतरवायला रिकामं मॅगझिन आत घालावं लागतं, हाताला ती सवय होती. घातलं, पुन्हा चाप ओढला. आवाज पत्र्याच्या छपराखाली घुमला. गोळी टेबलाची फळी फोडून समोर बुटाच्या नाड्या सोडत बसलेल्या माझ्या सोबत्याच्या पोटरीत गेली. तो ओरडला नाही. माझ्याकडं बघून "अरे" एवढंच म्हणाला.

चौकशीत मी सांगितलं, चेंबर पाहिला होता. पाहिला नव्हता. शिक्षा झाली, भोगली. पण ते खोटं आजवर कुणापुढं काढलं नव्हतं.

पुढं बरीच वर्षं मी पिस्तुलाला दोष देत राहिलो. मॅगझिन नसताना चाप चालू नये ही सोय चुकून राहिलेली गोळी उडू नये म्हणून केलेली. तिनंच मला फसवलं, असं माझं म्हणणं. त्या म्हणण्यात थोडं तथ्य आजही वाटतं. पण ग्लॉक असतं तर काय झालं असतं? त्याचा चाप मॅगझिन नसतानाही चालतो. गोळी पहिल्याच ओढीला सुटली असती. आणि साफ करायला ग्लॉक उघडायचं म्हणजे आधी चाप ओढावाच लागतो. तिथंही चेंबर न बघणारा माणूस मीच असतो. तरी मन म्हणतं, पहिल्या ओढीला माझी नळी कदाचित जमिनीकडं होती. कदाचित. हे आठवायचा मी फार प्रयत्न केलाय.

एवढं होऊनही माझा हात जुन्याकडंच जातो. अकरा वर्षांच्या सवयीनं म्हणा, किंवा ज्यानं चूक दाखवली त्याला सोडून जाववत नाही म्हणून. तुम्ही नवे असाल तर ग्लॉकवरच शिका, असंही मी सांगेन. दोन्ही मनापासून.

तो सोबती माण तालुक्यातला. दर खंडेनवमीला मी त्याच्याकडं जातो. त्यानं मला कधी बोल लावला नाही. गेल्या वर्षी, वहिनी भाकरी थापत होत्या तेव्हा, त्यानंही तुमचाच प्रश्न विचारला: आज निवडायला दिलं तर कुठलं घेशील? मी म्हणालो, जुनंच. त्यानं तो पाय हळूच जवळ ओढून घेतला आणि यंदा बाजरीला पाऊस कसा झाला ते सांगायला लागला.