गॅरेजातला कसारा घाट

१४ डिसेंबर, रविवार

निफाडचा पारा पुन्हा पेपरच्या पहिल्या पानावर. आमच्या गॅरेजात सकाळी ९ अंश. मफलर गुंडाळून मॉडेल रेल्वेचे रूळ मांडायला बसलो. कार हल्ली रस्त्यावर असते. त्यावर घरात बोलून झालंय.

थंडीचा त्रास तसा कमीच. गिअरमधलं ग्रीस घट्ट होतं, इंजिन सुरुवातीला कण्हतं, एवढंच. खरी भानगड आजचे ९ आणि मे महिन्यातले पत्र्याखालचे ४० यांच्यातल्या अंतराची. तेवढ्यात निकेल सिल्व्हरचा ८ फुटी रूळ सव्वा मिलिमीटर वाढतो. मेमध्ये बसवला असता तर भिडवून चालला असता, पुढे तो आखडणारच. डिसेंबरात मात्र फट ठेवावीच लागते, नाहीतर उन्हाळ्यात रूळ बाजूला फुगणार. म्हणून सांध्यात व्हिजिटिंग कार्ड दुमडून घालायचं, खिळे ठोकले की काढून घ्यायचं. सैल सांध्यातून करंटचा भरवसा नाही. प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर सोल्डर केली.

रुळांखालच्या प्लायला दोन्हीकडून वॉर्निश लावायला सांगितलं तर सुतारदादा म्हणाले, "साहेब, खालून कोण बघतंय?" बघत कोणीच नाही, पण पावसाळ्यात कोरी बाजू ओल पिते आणि फळी वाकते.

मांडणी कसारा घाटाची. खरा चढ ३७ला १, म्हणजे माझ्या ८ फुटांत जेमतेम साडेसहा सेंटिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण सहा डबे लावले की इंजिनाची चाकं जागेवरच फिरतात! मग कसाऱ्याला लावतात तसा मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावला. लहानपणी मुंबईहून येताना मागून धक्का बसला की आई म्हणायची, "लागलं बघ इंजिन." इथे दोन्ही इंजिनांचा वेग जुळवणं हेच मोठं काम. मागचं जरा जोरात गेलं की वळणावर मधला डबा रुळाबाहेर.

जाणकार नाक मुरडतील: आपलं ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, १६७६ मिलिमीटर, त्याला मॉडेलच्या १:८७ प्रमाणाने म्हणजे ८७ने भागलं तर १९.३ येतात आणि बाजारातला रूळ १६.५चा. असू दे. रूळ, पॉइंट सगळं हाताने बनवायला बसलो तर इगतपुरी या जन्मी यायची नाही.

बोगदा संक्रांतीनंतर, या थंडीत प्लास्टर लवकर वाळत नाही. त्याचं छप्पर मात्र उचलता येईल असंच करणार, कारण डबा घसरणार तो नेमका आत.