चीं थांबली, टक् वाढलं: पुढच्या ब्रेकची ताजी खबर

डाव्या पुढच्या चाकाची किंचाळी थांबली! ब्रेक पुरते तापेपर्यंत गाडी फिरवली, मग हळू वेगात पेडलवर जेमतेम पाय टेकवला, पुन्हा टेकवला, उतारावर टेकवला. आवाज नाही. काचा खाली, रेडिओ बंद, तरीही नाही. फार बरं वाटलं.

मागच्या वेळी तीन आवाज वेगळे काढले होते. तापल्यावर हलक्या पेडलला येणारी चीं, पेडल न दाबताही येणारी खरखर, आणि रिव्हर्स घेतल्यानंतरच्या पहिल्या ब्रेकला येणारं टक्. डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या) नव्या, पॅड (डिस्कला दोन्हीकडून चिमटणारे घर्षणाचे तुकडे) नवे, बेडिंग (नवे पॅड डिस्कवर घासून बसवणं) नीट झालेलं, डिस्कवर राखाडी थर एकसारखा बसलेला. म्हणून ‘अजून थोडी चालव, पॅड बसतील’ हा सल्ला मला पटत नव्हता. पॅड बसलेलेच होते.

खरखरीचं लवकर उरकतो. १८५/६५ आर १५ टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला अडीच फेरे. फोनवर रेकॉर्ड केलेली खरखर नेमकी त्याच तालात येत होती. चाकाबरोबर फिरणारा आवाज आणि पेडलशी देणंघेणं नाही, म्हटल्यावर डिस्कमागच्या पत्र्याकडे गेलो. खालच्या कडेला तो टेकत होता. बोटांनी मागे दाबला, पुठ्ठ्याचा तुकडा फटीतून फिरवून सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर जागा असल्याची खात्री केली, झालं.

चीं मात्र चिवट निघाली.

स्पेक्ट्रम अॅपमध्ये २.४ किलोहर्ट्झच्या आसपास एकच उंच सुळका दिसत होता. ताशी २० ला तिथेच, १० ला तिथेच. वेग उतरला तरी सूर उतरत नाही, याचा अर्थ डिस्कच्या फेऱ्यांशी त्याचा संबंध नाही. पॅड पकडतो-सुटतो, पकडतो-सुटतो, आणि पॅड, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), डिस्क मिळून आपल्या स्वतःच्या सुरात थरथरतात. फळ्यावर खडू काटकोनात धरला की किंचाळतो, थोडा तिरका केला की गप्प होतो, तसंच हे. पॅडच्या कडांना तिरका काप देतात तोही याचसाठी. माझ्या पॅडना तो कारखान्यातूनच आहे, त्यामुळे कानस घेऊन आणखी काप देण्याचा मोह आवरला. घासण्याच्या भागावर कानस चालवून भुकटी उडवणं मला मुळातच आवडत नाही.

मग नेहमीची यादी. कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या स्लाइड पिना बाहेर काढल्या. ज्या पिनेला टोकाशी रबरी बुश आहे ती तिच्याच भोकात आहे ना, हे दोन्ही बाजूंना पाहिलं. पिना मऊ सरकत होत्या, त्यांचे बूट (रबरी आवरणं) धड होते. हब, म्हणजे डिस्क ज्यावर बसते तो भाग, आधीच तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत केलेला. डिस्क वॉशर घालून नटांनी आवळली आणि बाहेरच्या कडेपासून १० मिलिमीटर आत डायल गेज लावून फिरताना ती किती डोलते ते मोजलं: ०.०३ मिलिमीटर. बहुतेक गाड्यांची मर्यादा ०.०५ ते ०.१० च्या दरम्यान असते, तेव्हा डिस्क निर्दोष. (डायल गेज स्वस्तातला असला तरी चालतो. पैसे स्टँडवर घाला. लवचिक मानेचा स्टँड काटा हलवतो की डिस्क हलते हेच कळू देत नाही. सांध्यांचा कडक स्टँड आणि दणकट मॅग्नेट घ्या.)

पॅड ब्रॅकेटमध्ये (पॅड धरून ठेवणाऱ्या चौकटीत) बोटांनी सरकवून पाहिले. चारही सरकले. इथेच घोडं अडलं होतं. सगळं मापात, आणि गाडी किंचाळते आहे.

कोडं सुटलं ते तापमानामुळे. इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही बाजू मोजल्या: त्याच फेरीनंतर डावीकडे ९६ अंश, उजवीकडे ७१. हे मोजताना एक काळजी घ्या. घासून चकाकलेल्या पट्ट्यावर हे थर्मामीटर फसतं, आकडा बराच कमी दाखवतं. मी दोन्हीकडे डिस्कच्या मधल्या, रंग असलेल्या टोपीवर एकाच जागी नेम धरला. पंचवीस अंशांचा फरक म्हणजे डावा पॅड पेडल सोडल्यावरही डिस्क सोडत नव्हता. पण थंड असताना तर तो छान सरकत होता!

मग तो गरम असतानाच तपासायचा ठरवलं. फिरवून आणली, लगेच स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकवर कधीच नाही), जाड हातमोजे चढवले, चाक उतरवलं, खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला. बाहेरचा पॅड बोटाने निघाला. आतला जागचा हलेना. स्क्रूड्रायव्हरने उचकला तेव्हा सुटला.

हिशेब सोपा आहे. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. पॅडची पोलादी पाठ या कानापासून त्या कानापर्यंत (कान म्हणजे ब्रॅकेटमध्ये बसणारी तिची दोन टोकं) १२० मिलिमीटर धरली, तर १०० अंश तापल्यावर ती जवळपास ०.१४ मिलिमीटर लांब होते. ब्रॅकेटही तापतो, पण मागून आणि कमी. म्हणजे थंड असताना ०.१ मिलिमीटर फट असेल तर बोटाला पॅड मोकळा लागतो आणि रस्त्यावर तोच जाम होतो. थंड गाडी गप्प आणि तापल्यावर चीं, याचा उलगडा इथे झाला.

फट इतकी कमी का? व्हर्निअर लावला. डावा आतला पॅड उजव्या आतल्यापेक्षा कानापासून कानापर्यंत ०.२ मिलिमीटर लांब भरला. पोलादात फरक नव्हता, रंगात होता: एका कानावर काळ्या रंगाचा ओघळ जाड थरात सुकलेला, आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यावर क्लिपेने (कान ज्यात सरकतो त्या पातळ पत्र्याने) घासून पाडलेली नखाएवढी चकचकीत खूण. बनवणाऱ्याचं नाव घेत नाही. पण पॅडचा मसाला उत्तम असूनही कानांच्या रंगाकडे लक्ष नाही, हे मनाला लागलं. तुम्ही कोणतेही पॅड घ्या, सगळे कान मोजल्याशिवाय बसवू नका.

बारीक कानस घेतली, फक्त कानांवरचा रंग उतरवला आणि पोलाद लागताच थांबलो. क्लिपा काढून ब्रॅकेटची बैठक पुन्हा घासली, कारण क्लिपेखालचा गंज फुगून तेवढीच जागा खातो. उघड्या पडलेल्या कानांवर सिरॅमिक ग्रीसचा पुसटसा हात फिरवला. कॉपर ग्रीस पॅडच्या पाठीवर थापणाऱ्यांशी माझं जमत नाही. शिम (पाठीवरचा आवाज दाबणारा पातळ पत्रा) असताना तिथे ते काही करत नाही, आणि उरलेलं उडून नको तिथे जातं. पिनांना सिलिकॉनचं ग्रीस. पेट्रोलियमचं लावलं तर रबर फुगतं. जोडून झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबलं.

आता डावीकडे ७४, उजवीकडे ७२. स्पेक्ट्रमवर २.४ चा सुळका नाही. हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहण्यात जे सुख आहे ते तुम्हालाच कळेल.

आता टक्. ते वाढलं आहे. कारण उघड आहे: फट वाढली, म्हणून गाडीची दिशा बदलल्यावर पॅड एका टेकूवरून सुटून दुसऱ्यावर आपटायला जास्त जागा झाली. धोका नाही, पण कानाला खुपतं. माझा बेत सिरॅमिक पॅडचा नवा संच मागवायचा होता. तो आता रद्द, कारण याच पॅडचं पेडल मला आवडतं. त्याऐवजी स्प्रिंगचं पातं जास्त ताठ असलेल्या क्लिपा शोधतो आहे, ज्या पॅडला बाजूने न आवळता डिस्कच्या मध्याकडून बाहेर रेटतात. चीं परत न येता टक् दबेल ते तसल्या क्लिपांनीच.

आणि हे लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. उजवी बाजू गप्प आहे म्हणून तिथली फट मी मोजलीच नाही, थंडही नाही आणि गरमही नाही. क्लिपा मागवण्याआधी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन उजव्या बाजूची फट दोन्ही अवस्थांत मोजतो. ती बाजू चींही करत नाही आणि टक्ही करत नाही, तेव्हा तिथे जो आकडा मिळेल तोच डावीकडे गाठायचा. तुमच्या एखाद्या शांत ब्रेकवर पॅड आणि ब्रॅकेटमधली फट मोजलेली असेल, तर थंड की गरम तेवढं लिहून आकडा कळवा. पुढची कानस त्यानंतरच चालवीन.